मेंदूचा रिपोर्ट नॉर्मल

कॅन्सर शिरलेल्या घरात एक वाक्य हमखास कानावर पडते, 'माणूस खचला हो.' जेवला नाही, खचला. बोलेनासा झाला, खचला. चिडला, भांडला, रात्री उठून बसला, गोळी थुंकून टाकली, सगळ्याचे निदान तेच. भेटायला येणारे शेजारी, मुंबईहून फोन करणारा भाचा, देवळातले भटजी, कुणाचेच याबाबत दुमत नसते. उपायही एकच, 'मन घट्ट करायला सांगा.' मला या वाक्याचा राग येतो. घट्ट करायचे ते कशाने? ज्या अवयवाने करायचे त्यातच पाणी शिरले असेल तर?

आमच्या थोरल्या काकांच्या मेंदूत खरोखरच पाणी शिरले होते. त्यांना कॅन्सर आहे हे तोवर कुणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत 'खचला'सुद्धा म्हणता आले नाही. लोकांना दुसरी निदाने शोधावी लागली.

काका गोव्यातल्या डिचोलीजवळच्या आमच्या गावचे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी खाणीवर वजनकाट्यावर कारकुनी केली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, गावात दारोदार ट्रक गंजू लागले, तेव्हा काकांनी मुकाट्याने कोयता उचलला आणि घरचे कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, बघू लागले. ट्रकांचे नंबर मात्र पुढेही पाठ. लग्नाच्या मांडवात कुणाची ओळख करून द्यायची तर नाव सांगण्याआधी त्याच्या बापाच्या ट्रकाचा नंबर सांगत. विडी सुटली नाही. बोलणे मोजके, हिशेब चोख, आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. काकींना हाक मारायची ती नुसती 'गो' म्हणून, आणि तेवढ्यात चहा हवा की चष्मा हवा हे काकींना कळायचे.

त्या वर्षी काजूचा मोसम सरता सरता ते बदलले. आधी नुसती विसराविसर. पंप चालू ठेवून झोपले, एकाच गड्याला दोनदा मजुरी दिली. मग मळमळ सुरू झाली, अन्नावरची वासना उडाली. आणि एका सकाळी दहाच्या पेजेचा वाडगा त्यांनी नाकाशी धरला, बराच वेळ हुंगला आणि उठून अंगणात ओतून दिला. 'माका वीख घालतात,' एवढेच म्हणाले. काकींनी त्यांच्यादेखत त्याच पातेल्यातली पेज खाऊन दाखवली. त्यावर ते हसले. मी तिथे होते. जन्मभर जिच्या हातचे खाल्ले त्या बाईकडे बघून कुणी तसे हसू नये.

निदानांना मग तोटा राहिला नाही. कुणी म्हातारचळ म्हणाले. कुणी म्हणाले, यंदा उराक जास्त झाली. काका थेंबही घेत नसत, पण बोलणाऱ्यांना त्याची अडचण वाटली नाही. देवळात कौल लावला, तर उजवीकडची पाकळी आधी पडली की डावीकडची यावर दोन तट पडले. एका घाड्याने, म्हणजे मांत्रिकाने, कुळागरातल्या जुन्या आंब्याकडे बोट दाखवले. एका दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन काका दिवसा पेंगू लागले आणि रात्री अंगणात हिंडू लागले. काकी दाराला आतून कुलूप घालून किल्ली कमरेला खोचून झोपत, म्हणजे झोपत नसत. शेवटी सगळ्यांनी दबक्या आवाजात ठरवले, पलीकडे दाखवू.

बांबोळीला महामार्गाच्या एका अंगाला गोमेकॉ, म्हणजे आमचे गोवा मेडिकल कॉलेज, आणि दुसऱ्या अंगाला मनोरुग्णांचे सरकारी इस्पितळ. जवळच फुलांचो खुरीस, तिथे ख्रिस्ती काय नि हिंदू काय, गाडी थांबवून माळ घालून पुढे जातात. मनोरुग्णांचे हे इस्पितळ पूर्वी पणजीत आल्तिनोवर होते आणि त्याला आबे फारियाचे नाव होते. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्याने पॅरिसमध्ये जाऊन सांगितले की माणूस संमोहित होतो तो कुठल्या अदृश्य द्रव्यामुळे नव्हे, त्याच्या स्वतःच्याच मनामुळे. पणजीला जुन्या सचिवालयापाशी त्याचा पुतळा आहे, हात पुढे केलेला. आमच्या काकांच्या बाबतीत फारियाचा सिद्धान्त उलटा निघाला. मन बिचारे निर्दोष होते, दोष द्रव्यातच होता.

हे ओळखले ते मनोरुग्णांच्या इस्पितळातल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी काकांशी फार बोलण्याच्या आधी काकींना विचारले, 'पूर्वी कधी असे झाले होते? यांच्या घराण्यात कुणाला?' नाही म्हटल्यावर म्हणाल्या, 'साठीनंतर माणूस आयुष्यात पहिल्यांदाच असा वागू लागला, तर आम्ही आधी शरीर तपासतो.' रक्त काढले. संध्याकाळी रिपोर्ट आला, सोडियम ११६. असायला हवे १३५ ते १४५. बाई म्हणाल्या, 'यांना आत्ताच्या आत्ता पलीकडे न्या.' आता पलीकडे म्हणजे गोमेकॉ. दबक्या आवाजात इकडे आणलेला माणूस आम्ही घाईघाईने रस्ता ओलांडून तिकडे नेला.

सोडियम कमी म्हटल्यावर आख्ख्या गोतावळ्याला एकच सुचले, मीठ. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मिठात मुरलेल्या तोरांची, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांची, बरणी आली, सुके बांगडे आले, एका आत्याने तर कागदात खडेमीठ बांधून आणले. काकी घरी पेजेत आधीपासूनच चिमूटभर मीठ जास्त घालत होत्या, कारण अशक्त माणसाला मिठाची पेज द्यावी ही जुनी रीत. काकांच्या नाकाला विष लागले ते बहुधा तेच. पण काकांच्या अंगातले मीठ कमी झालेच नव्हते. पाणी वाढले होते.

मी हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते. एडीएच नावाचे संप्रेरक दरवर्षी फळ्यावर काढते. मेंदूच्या तळाशी ते तयार होते आणि मूत्रपिंडांना सांगते, पाणी सोडू नका. अंगात पुरेसे पाणी झाले की त्याचे स्रवणे थांबते. फुप्फुसाच्या कॅन्सरचा स्मॉल सेल म्हणून एक प्रकार आहे, बहुतेक करून धूम्रपान करणाऱ्यांना होणारा. त्याच्या पेशींच्या अंगी संप्रेरके बनवण्याचा गुण असतो आणि त्या हेच एडीएच परस्पर बनवू लागतात. त्यांना थांबवणारे कुणी नसते. मूत्रपिंडे हुकूम पाळतात, पाणी धरून ठेवतात. रक्तातले सोडियम पातळ होत जाते आणि मेंदूच्या पेशी पाणी ओढून घेतात. बाकीच्या अंगाला फुगायला जागा आहे. मेंदू कवटीत. मृगाच्या पावसात फुगलेले दार चौकटीत अडकते, तसे त्याचे होते. हा प्रकार अमेरिकेत विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी १९५७ साली पहिल्यांदा मांडला, तोही फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या दोन रुग्णांवरून. शिकवताना मी हे दोन मिनिटांत उरकत असे. परीक्षेला येत नाही.

काकांच्या एक्स-रेत छातीत सावली दिसली, पुढे सीटी, बायोप्सी, आणि नाव पडले, स्मॉल सेल. पण त्याआधी मेंदूचा एमआरआय झाला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, 'मेंदूत गेला नाही ना?' रिपोर्ट नॉर्मल आला. गाठ नाही, सूज म्हणण्याजोगी काही नाही. सगळ्यांनी हात जोडले. धाकटे काका तेवढे म्हणाले, 'मेंदूत काही नाही, तर मग हा असा का वागतो?'

प्रश्न रास्त होता. कॅन्सर आणि मेंदू म्हटले की आपल्याला एकच वाट माहीत असते, गाठ तिथपर्यंत पोचली की नाही. पोचली नसेल तर वागण्याचा सगळा हिशेब माणसाच्या नावावर मांडला जातो. छातीत बसून डोक्यात कारभार करता येतो हे पटायला जड जाते. काकांना तर दिवसाचे पाणी मोजून दिले जायचे, चहा, पेज सगळे धरून जेमतेम लिटरभर. रक्तदाबाची एक गोळी बंद केली, कारण तशा काही गोळ्यांनीही सोडियम उतरते. शिरेतून तीव्र मिठाचे पाणी थेंबथेंब सोडले. घाई करता येत नाही, कारण सोडियम हळूहळू उतरलेले असते तेव्हा मेंदूने त्या पाणचट रक्ताशी जमवून घेतलेले असते. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त आकड्यांनी ते वर खेचले, तर मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. निवासी डॉक्टर दर काही तासांनी रक्त काढत आणि आमचे लोक कुरकुरत, 'किती वेळा टोचतात.'

सोडियम १२८ झाले त्या सकाळी काकांनी 'गो' अशी हाक मारली आणि चष्मा मागितला. पेज प्याले. विषाचे नावही नाही. काकी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडल्या. त्या रडण्यात आनंद किती होता मला सांगता येणार नाही. पुढे एकदा म्हणाल्या, 'तो तसा हसला ते माझ्यासाठी नव्हते, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते.'

तेव्हापासून मी या विषयावर सापडेल ते वाचत गेले. वाचून घाबरायला झाले आणि थोडे बरेही वाटले. सोडियमचे एकट्याचे नाही. स्तनाचा, मूत्रपिंडाचा कॅन्सर, मायलोमा नावाचा रक्ताचा कॅन्सर, यांत रक्तातले कॅल्शियम चढते. माणसाला तहान तहान होते, बद्धकोष्ठ होतो, मग झोप आणि मग बरळणे. सलाइन आणि हाडांवरच्या इंजेक्शनाने ते उतरवता येते. यकृत, मूत्रपिंडे बिघडली की रक्तातली घाण डोक्यात चढते. महिनामहिना उलट्या होऊन थायमिन हे जीवनसत्त्व संपले की स्मृती ढासळते. कॅन्सरमुळे रक्त घट्ट होते आणि गुठळी मेंदूत जाऊन अडकते. कॅन्सर आणि गुठळ्यांचे हे नाते फ्रान्सच्या आर्मां त्रूसोने १८६५ साली शिकवले, आणि दोन वर्षांनी स्वतःच्याच शिरेत गुठळी दिसल्यावर आपल्याला काय झाले आहे ते ओळखले. त्याला पोटाचा कॅन्सर होता. त्यातच तो गेला.

सगळ्यांत विलक्षण प्रकार दुर्मीळ आहे, पण एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. काही गाठींच्या पेशी अशी प्रथिने बनवतात जी एरवी फक्त मज्जासंस्थेच्या पेशींत असतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जागी होते, गाठीवर तुटून पडते, आणि तीच प्रथिने मेंदूत दिसल्यावर तिथेही हात चालवते. म्हणजे माणूस कॅन्सरशी झुंजतो म्हणून त्याची आठवण जाते. कधीकधी ही झुंज इतकी चोख असते की गाठ जेमतेम वाटाण्याएवढी राहते, शोधून सापडत नाही, आणि माणूस मात्र आज सकाळी काय खाल्ले ते सांगू शकत नाही. आठवणी जिथे घडतात त्या भागाची ही सूज आणि कॅन्सर यांचा संबंध इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली मांडला. रक्तात सापडणाऱ्या अशा प्रतिपिंडांना 'हू', 'यो' अशी नावे आहेत. ज्या रुग्णांत ती पहिल्यांदा सापडली त्यांच्या आडनावांची ही पहिली अक्षरे. त्या माणसांचे घरातले वागणे त्यांच्या लोकांनी कसे सोसले असेल, याचा मात्र कुठे उल्लेख नाही.

याच कुळातला एक आजार बहुतेक करून तरुण मुलींना होतो. २००७ साली जुझेप दालमाउ यांनी त्याचे मूळ उलगडले. पुष्कळदा मुळाशी अंडाशयातली एक गाठ असते, बहुधा साधीच, कॅन्सरची नव्हे, आणि तिच्यापायी मुलगी काही दिवसांत वेडेवाकडे बोलू लागते, किंचाळते, तोंड वाकडे करते, ताठ होते. गाठ काढली, प्रतिपिंडांवर उपचार केले, की बहुतेक जणी सावरतात. आमच्याकडे अंगात भार येणे नवीन नाही. देवळात, शिगम्यात येतो तो भार वेगळा, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण कॉलेजात जाणारी धडधाकट पोर आठवड्याभरात बदलली तर घाड्याच्या आधी सोनोग्राफीवाला आठवावा, एवढे मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगते. मुली हसतात. एखादी हसत नाही.

भांडणारा रुग्ण निदान दिसतो तरी. गप्प झालेल्याचे काय? सारखा झोपलेला, विचारले तर 'हं' म्हणणारा, नजर छतावर. त्याचे घरात कौतुक होते. 'कसलीच तक्रार नाही हो, वैराग्य आले आहे.' कुणी उशाशी हरिपाठ लावून ठेवते. अंगात ताप न दाखवणारे इन्फेक्शन असते, मॉर्फिनचा डोस जड झालेला असतो, कॅल्शियम चढलेले असते, आणि आपण त्याला शांती म्हणतो. खरे वैराग्य आलेली माणसे मी पाहिली आहेत. ती सून किती वाजता घरी येते हे व्यवस्थित लक्षात ठेवतात.

आणि उदासीचे म्हणाल, तर तीसुद्धा दरवेळी 'कळल्यामुळे' येत नाही. जोसेफ यास्किन नावाच्या डॉक्टरने १९३१ सालीच लिहून ठेवले होते की स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी पोटाची तक्रार ठळक होण्याआधीच माणूस उदास आणि अस्वस्थ होतो. गाठीमुळे रक्तात जे दाहकारक रेणू फिरतात ते मेंदूला आजारी माणसासारखे वागायला लावतात. भूक नको, माणसे नकोत, कोपरा हवा. ताप आलेली मांजर कणगीमागे जाऊन बसते तेव्हा आपण तिला 'खचली' म्हणत नाही.

माझ्या वहिनीची गोष्ट एवढी नाट्यमय नाही, आणि म्हणूनच तिला जास्त सोसावे लागले असे मला वाटते. ती फोंड्याला एका क्रेडिट सोसायटीत कामाला. पिग्मी गोळा करणारे संध्याकाळी येऊन पैसे भरतात तेव्हा ती खातेदाराचे नाव ऐकून आकडा सांगायची, कॉम्प्युटर नंतर. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, किमो झाली, केस परत आले, लोकांनी 'सुटलीस बाई' म्हटले. आणि कामावर रुजू झाल्यावर तिच्या लक्षात आले की खाते क्रमांक उघडायला जावे आणि मधे कुणी 'चहा घेणार का' विचारले, की क्रमांक गेला. बोलता बोलता साधा शब्द अडायचा. 'ते गं, ते दाराला लावतात ते.' कडी. एकदा तिने एकाची पिग्मी दुसऱ्याच्या खात्यात जमा केली. रक्कम फुटकळ, पण साहेबांनी तिला काउंटरवरून उठवून आवक-जावक नोंदीला बसवले. सहकाऱ्यांपैकी एक म्हणाली, आजारपणाचा फायदा घेते. माझा भाऊ, स्वभावाने गरीब, तोही एकदा म्हणाला, 'तू लक्षच देत नाहीस.' लक्ष देता येत नाही आणि लक्ष देत नाही, यांतले अंतर बाहेरून दिसत नाही.

जगभर या बायका त्याला किमो ब्रेन म्हणतात. नाव तितके बरोबर नाही, कारण कित्येक जणींमध्ये किमोचा पहिला थेंब जाण्याआधीच तपासणीत ही घसरण दिसते. गाठीचा दाह, भूल, रक्तक्षय, काळजी, झोप नसणे, अचानक आलेली रजोनिवृत्ती, नंतरच्या हार्मोनच्या गोळ्या, सगळेच त्यात आपापला वाटा उचलतात. किमोचाही आहेच. स्टॅनफर्डमध्ये मिशेल माँजे यांच्या गटाने २०१९ साली उंदरांवर दाखवले की मेथोट्रेक्सेट या जुन्या किमोच्या औषधाने मेंदूतल्या रखवालदार पेशी दीर्घकाळ बिथरलेल्या राहतात आणि मज्जातंतूंचे आवरण नीट बनत नाही. वहिनीची मानसशास्त्रीय चाचणी झाली तर ती पास झाली! शांत खोलीत, एका वेळी एक प्रश्न, तर तिला सगळे येत होते. संध्याकाळी सहाला, पिग्मीवाल्यांच्या गर्दीत, तिघे एकदम बोलत असताना चाचणी कुणी घेत नाही.

स्टिरॉइडचा प्रकार तर अजून हसण्यावारी निघतो. तिला किमोच्या आदल्या दिवसापासून डेक्सा असायची. त्या रात्री ती झोपायचीच नाही. भाऊ पहाटे उठला तर ओट्यावर घरातली सगळी तांब्याची भांडी आमसुलाने घासून रांगेत लावलेली, आणि ही कपाटातल्या साड्या रंगाप्रमाणे लावते आहे, डोळे लखलखीत. दोन दिवसांनी औषध उतरले की नुसती भिंतीकडे बघत पडून राहायची. सासूबाई म्हणायच्या, परवा तर चांगली नाचत होती.

वहिनी आता बरीच सावरली आहे. बहुतेकांना काही महिन्यांत, वर्षभरात फरक पडतो, काहींचे लांबते. ती रोज सकाळी चालते, आणि व्यायामाने खरेच फरक पडतो असे अभ्यासांत दिसले आहे. एक कामाची वही ठेवते, एका वेळी एकच काम करते. काउंटर परत मिळाले नाही. मागायला ती गेलीही नाही.

काकांकडे वळते. छातीवरचे उपचार लागू पडले, गाठ आकसली आणि सोडियम आपोआप जागेवर आले. मग डॉक्टरांनी नवा प्रश्न समोर ठेवला. हा कॅन्सर मेंदूत लपायला सोकावलेला असतो, म्हणून तिथे काही नसतानाही डोक्याला किरणे देण्याची पद्धत आहे. त्याने धोका कमी होतो, पण स्मरणशक्तीला झळ लागू शकते. दुसरा मार्ग, ठरावीक काळाने एमआरआय करत राहायचे. काकांनी एकच प्रश्न विचारला, 'किती जाईल?' डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, 'आधी सांगता येत नाही.' वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे उत्तर पटणारे नव्हते. न मोजता माल सोडायचा नाही म्हणून त्यांनी एमआरआयचा मार्ग घेतला. बरोबर केले की चूक, घरात अजून वाद आहे. मला विचाराल तर निर्णय त्यांचा होता आणि त्या वेळी त्यांचे सोडियम १३७ होते.

चवथ आली. आमच्या घरची माटोळी वर्षानुवर्षे काकाच बांधायचे. गणपतीच्या डोक्यावरच्या त्या लाकडी चौकटीला काय कुठे टांगायचे याची यादी त्यांच्याच डोक्यात. त्या वर्षी ते खुर्चीत बसले आणि पुतण्याला स्टुलावर चढवून नावे सांगू लागले. मधे नारळ, दोन्ही बाजूंना सुपारीचे घड, मग तोरिंग, चिबूड, निरफणस, आंबाडे. माट्टुळ सरळ बांध, कवंडळ खाली येऊ दे. आणि मग अडले. 'त्या गो, पिवळ्या. फुटल्या की आतून तांबड्या.' काकी लगेच म्हणाल्या, 'कांगण्या.' वैद्य जिला ज्योतिष्मती म्हणतात आणि स्मरणशक्तीसाठी देतात ती हीच. हे मी तेव्हा बोलले नाही. काकांनी पुढे यादी घडाघडा पुरी केली आणि वर पुतण्याला दोन गाठी सैल बांधल्या म्हणून झापले.

स्टुलावर दरवर्षी धाकटे काका चढायचे. त्या वर्षी ते आले नव्हते. त्याचे कारण वॉर्डातले आहे. सोडियम खाली असताना एका रात्री धाकटे काका सोबतीला होते. थोरल्यांनी त्यांचे मनगट पकडले आणि मोठ्याने म्हणाले, जमिनीचा सर्वे झाला तेव्हा कुळागराच्या सीमेचा दगड तू हलवलास, बाबांनी बघितले होते, मरताना मला सांगून गेले. आख्ख्या वॉर्डाने ऐकले. सर्वे होऊन पन्नास वर्षे होत आली. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दोघांची नावे आहेत, दगडाचा विषय आमच्या पिढीने कधी ऐकलाही नव्हता.

मी धाकट्या काकांच्या घरी गेले. कागदावर मूत्रपिंड काढले, मेंदू काढला, बाण दाखवले. काकींच्या विषाची गोष्ट सांगितली. म्हटले, जिने जन्मभर रांधून घातले तिच्यावर त्यांनी विषाचा आळ घेतला, तुमच्यावर दगडाचा घेतला, दोन्ही एकाच आकड्याने वदवले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. कागद हातात घेऊन बघितला. म्हणाले, 'पाणी शिरले, कबूल. विष कुणालाही सुचेल. पण दगड कुठून सुचला?'

मग मी थोरल्या काकांकडे गेले. त्यांना त्या दिवसांतले काहीच आठवत नाही, हे मला ठाऊक होते, डॉक्टरांनीही सांगितले होते. तरी विचारले. ते सुपारी सोलत होते.

'कसला दगड?' म्हणाले. दोन सुपाऱ्या सोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली. 'तुला दगडाचे कुणी सांगितले?'